डिपॉझिट किती घ्यायचं? प्रतापनगरातल्या वरच्या मजल्याचा हिशोब

घर किरायाने द्यायचं ठरलं की भाडं ठरवणं सोपं असतं. आजूबाजूच्या चार घरी विचारलं की अंदाज येतो. डिपॉझिटचं मात्र जो तो ऐकीव सांगतो. कोणी म्हणतं दोन महिन्यांचं घ्या, कोणी म्हणतं मुंबईत लाखांत घेतात, तुम्हीच का मागे? मी ३१ वर्षं एका सहकारी बँकेच्या कॅश काउंटरवर बसले. ऐकीव आकड्यावर माझं मन बसत नाही. २००७ पासून नागपुरातल्या प्रतापनगरच्या घराचा वरचा मजला मी किरायाने देते, नंतर मनीषनगरला एक छोटा फ्लॅट घेतला, तोही देते. या वर्षांत डिपॉझिटच्या बाबतीत मी चुकले, आणि चुकत चुकत एक पद्धत बसली. ती इथे लिहिते आहे.

मोठी चूक आधी सांगते. २०११ मध्ये वरच्या मजल्यावर एक सिस्टर, म्हणजे नर्स, राहायला आली. भाडं ७,००० होतं आणि मी सहा महिन्यांचं, म्हणजे ४२,००० डिपॉझिट घेतलं. जास्त घेतलं की आपण जास्त सुरक्षित, एवढाच विचार तेव्हा होता. ते पैसे माझ्या रोजच्या खात्यात गेले आणि त्या हिवाळ्यात मुलीच्या लग्नात खर्च झाले. दीड वर्षाने तिची बदली झाली. तिने महिनाभर आधी सांगितलं, घर धुऊन-पुसून दिलं, आणि माझ्याकडे द्यायला पैसे नव्हते. दोन हप्त्यांत, अडीच महिन्यांनी मी ते फेडले. नवीन गावात घर घेण्यासाठी तिला भिशी उचलावी लागली, हे मला मागाहून कळलं. तिने कधी वाईट शब्द काढला नाही. मला मात्र ते अजून टोचतं, कारण आयुष्यभर लोकांच्या ठेवी मोजलेली बाई मी, आणि घरात आलेली ठेव ओळखली नाही.

डिपॉझिट ही अमानत आहे. ती भाडेकरूच्याच मालकीची असते, आपल्याकडे फक्त ठेवायला असते. म्हणून माझी पहिली मर्यादा अशी: किल्ली परत येईल त्या दिवशी जेवढी रक्कम मी देऊ शकेन, त्याच्या वर एक रुपया घ्यायचा नाही. आता प्रत्येक डिपॉझिट वेगळ्या बचत खात्यात जातं. त्या खात्याचं एटीएम कार्डच घेतलेलं नाही. करार अकरा महिन्यांचा असेल तर त्याच मुदतीची एफडी करते.

आकडा घरावरून काढायचा

"दोन महिन्यांचं" किंवा "तीन महिन्यांचं" असं तोंडाने म्हणण्याआधी कागद घ्या आणि शेवटच्या महिन्याचा विचार करा. सुरुवातीला सगळे भाडेकरू चांगलेच असतात. डिपॉझिटची गरज पडते ती माणूस सामान बांधत असतो तेव्हा. त्या वेळी माझं किती थकलेलं असू शकतं, एवढाच प्रश्न आहे.

पहिली गोष्ट भाडं. करारात एक महिन्याची नोटीस असेल आणि कोणी नोटीस न देता गेलं, तर एक महिन्याचं भाडं बुडतं. वरच्या मजल्याचं भाडं सध्या १४,००० आहे, तेवढे धरले.

दुसरी गोष्ट विजेचं बिल, आणि नागपुरात हीच गोष्ट लोक विसरतात. महावितरणचं बिल वापर झाल्यावर येतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, दोन कूलर आणि बेडरूमचा एसी रात्रभर चालतो, आणि ते बिल जूनमध्ये हातात पडतं. दीड टनाचा एसी ताशी साधारण दीड युनिट ओढतो असं धरलं, तर रोजचे आठ तास म्हणजे महिन्याला ३६० युनिट एकट्या एसीचे. इन्व्हर्टर एसीला कमी लागतात, पण तरी युनिट वाढले की वरच्या टप्प्याचा दर लागतो. २०१६ मध्ये एक कुटुंब २ जूनला गेलं. बिल १९ तारखेला आलं, कित्येक हजारांचं. जाताना मी हिवाळ्यातलं बिल डोळ्यासमोर ठेवून फक्त १,००० अडवले होते. म्हणून बिलाचा अंदाज नेहमी मे महिन्याच्या बिलावरून करा, घर डिसेंबरात दिलं तरीसुद्धा. माझ्या वरच्या मजल्याला ६,००० पुरतात. पाण्याचं बिल आणि फ्लॅट असेल तर सोसायटीचा मेंटेनन्स त्यातच बसवते.

तिसरी गोष्ट दुरुस्ती. तिथे घरात फिरून बघावं लागतं. माझ्याकडे कूलर खिडकीच्या लोखंडी स्टँडवर बसतो. बोअरचं पाणी जड आहे. कूलरची टाकी वाहत राहिली की दोन महिन्यांत खालच्या भिंतीवर पांढरा खार धरतो आणि प्लास्टर पोपडे सोडतं. ती भिंत खरडून, पुट्टी करून रंगवायला मागच्या वर्षी मला ३,५०० लागले. सिंक तुंबणं, एखादा नळ तुटणं, दाराचं कुलूप बदलणं, हे धरून ८,००० मी लिहिते. पूर्ण घर रंगवायचा खर्च मी यात धरत नाही. का, ते पुढे सांगते.

बेरीज झाली २८,०००. म्हणजे दोन महिन्यांचं भाडंच आलं, असं तुम्ही म्हणाल. या घराला आलं. मनीषनगरच्या फ्लॅटला नाही येत. तिथे भाडं १३,००० आहे, पण फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, पलंग आणि सोफा मी दिलेला आहे. भाडं १३,०००, बिल ५,०००, दुरुस्ती ८,०००, आणि सामानाचे वेगळे १२,०००. एकूण ३८,०००, जवळपास तीन महिने. सामानाचे पैसे धरताना नव्याची किंमत धरू नका. आज दुकानात विकायला नेलं तर काय येईल ते बघा आणि त्याचा साधारण तिसरा हिस्सा घ्या, कारण सगळ्याच वस्तू एकदम मोडत नाहीत.

आणि माझ्या धाकट्या बहिणीकडे हनुमाननगरात एक खोली आहे, ४,५०० भाड्याची. तिथे एक पलंग, एक पंखा, कूलर मुलाचा स्वतःचा. तिला मी ७,००० सांगितले. ती म्हणाली दीड महिन्याचं कोणी घेत नाही. घ्यायला काय हरकत आहे?

जास्त मागितलं तर काय होतं

घर घेताना भाडेकरूच्या खिशातून एकदम किती जातं ते एकदा मांडून बघा. पहिलं भाडं १४,०००, डिपॉझिट २८,०००, दलाल असेल तर बहुतेक ठिकाणी एका महिन्याचं भाडं, शिवाय टेम्पो आणि हमाल. साठ हजार होतात. चाळीस-पन्नास हजार पगाराच्या घरात ही रक्कम दागिने किंवा भिशीतून येते. मी २८ ऐवजी ४२ मागितले आणि त्यामुळे घर दोन महिने रिकामं राहिलं, तर माझे २८,००० कायमचे गेले. ते कशासाठी? जास्तीच्या १४,००० साठी, जे माझे नव्हतेच आणि मला परतच करायचे होते.

"घर सोडलंच नाही तर?" या भीतीपोटी लोक मोठं डिपॉझिट घेतात. त्या भीतीवर डिपॉझिट हा उपाय नाही. कोणी वर्षभर अडून बसलं तर सहा महिन्यांचं डिपॉझिटही सहा महिन्यांत संपतं. त्यावर उपाय नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घर ठराविक मुदतीपुरतं फक्त वापरायला द्यायचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याखाली अशा कराराची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी त्याच कायद्याने घरमालकावर टाकली आहे. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि असा करार नसताना वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणजे तुम्ही २८,००० घेतले आणि तो ५०,००० म्हणाला, तर सिद्ध करायचं काम तुमचं.

डिपॉझिटला कायद्याने कमाल मर्यादा आहे का, हे मला वारंवार विचारतात. १९९९ च्या कायद्यात डिपॉझिट घ्यायला मुभा आहे, किती महिन्यांचं यावर बंधन घातलेलं नाही. केंद्राने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घराला दोन महिने आणि दुकान-ऑफिसला सहा महिने अशी मर्यादा सुचवली आहे. तो नमुना आहे, राज्याने आपल्या कायद्यात घेतला तरच बांधील होतो. तरी मी दोन महिन्यांचा आकडा मनात ठेवते. माझा हिशोब त्याच्या वर गेला, तर का गेला हे मला भाडेकरूला समजावून सांगता आलं पाहिजे.

एक सवय आपल्याकडे फार आहे: करारात डिपॉझिट कमी दाखवायचं किंवा दाखवायचंच नाही, स्टॅम्प वाचावा म्हणून. किती वाचतो ते बघा. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के, आणि ती लागते अख्ख्या मुदतीच्या भाड्यावर अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर. माझ्या घराचं अकरा महिन्यांचं भाडं १,५४,०००. डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज अकरा महिन्यांचं सुमारे २,५६७. एकूण स्टॅम्प ३९१ च्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. डिपॉझिट पूर्ण लपवलं तर त्या ३९१ मधले साडेसहा रुपयेही वाचत नाहीत. साडेसहा रुपयांसाठी २८,००० चा पुरावा घालवायचा!

पैसे बँकेतूनच घ्या आणि बँकेतूनच परत करा. २०,००० आणि त्याच्या वरच्या ठेवी रोखीत घेण्या-देण्यावर आयकर कायद्याचं बंधन आहे, आणि नसतं तरी खात्यातली नोंद हीच दोघांची पावती. घर बघायला आल्यावर कोणी हजार-दोन हजार टोकन देतं. ते डिपॉझिटमध्ये धरलं आहे असं तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा.

माणसानुसार काय बदलायचं, काय नाही

रक्कम माणसाचं आडनाव ऐकून बदलू नका. जात, धर्म, एकटी बाई, घटस्फोट, यातल्या कशानेही कूलरची टाकी जास्त वाहत नाही. आपल्या शहरात हे चालतं, मी कानांनी ऐकलेलं आहे, आणि ज्यांच्यावर बेतलं त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलेलं आहे. रक्कम घरावरून ठरली असेल तर ती येणाऱ्या प्रत्येकाला सारखीच राहते.

द्यायची सोय मात्र बदलता येते. ज्यांच्याकडे एकदम पैसे नसतात त्यांच्याकडून मी अर्धे किल्ली देताना आणि अर्धे पुढच्या पगाराला घेते. दोन्ही तारखा करारात लिहिते. आजवर चार जणांना अशी सवलत दिली, चौघांनीही वेळेवर दिले.

सरकारी नोकरीतल्या माणसांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात. त्यांच्या करारात मी एक ओळ घालते: बदलीचा आदेश दाखवला तर नोटीस पंधरा दिवसांची. तेवढं भाड्याचं जोखीम मी उचलते, कारण हे लोक भाडं चुकवत नाहीत असा माझा अनुभव आहे.

विद्यार्थ्यांचं जास्त नीट बघावं लागतं. मेडिकल चौक, बजाजनगर, नंदनवन भागात तीन-चार मुलं मिळून घर घेतात. एक मुलगा मध्येच सोडतो, त्याच्या जागी नवा येतो आणि जुन्याला त्याचं डिपॉझिट परस्पर देतो. वर्षभरात कोणाचे किती आपल्याकडे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. बहिणीच्या शेजारी असा एक वाद इतका वाढला की एका मुलाचे वडील गोंदियाहून यावे लागले. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा हिस्सा नावानिशी लिहा. मुलगा बदलला की जुन्याला तुमच्या खात्यातून परत करा, नव्याकडून तुमच्या खात्यात घ्या. एक जास्तीचा व्यवहार होतो, पण चित्र स्वच्छ राहतं. आईवडिलांपैकी एकाशी फोनवर बोला आणि रक्कम त्यांनाही कळवा. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असतेच, ती मुलगा बदलल्यावर पुन्हा द्या.

दुकानाचं गणित वेगळं, मी ते केलेलं नाही, फक्त भावाच्या गाळ्याचा करार वाचून दिला होता. तिथे नोटीस तीन महिन्यांची होती, भाडेकरूने भिंत पाडून पार्टिशन घातलं होतं, वीज व्यावसायिक दराची. पद्धत तीच लावली तरी आकडा पाच-सहा महिन्यांवर जातो.

भाडं न घेता चार-पाच लाखांचं भारी डिपॉझिट घेऊन घर द्या, असं सांगणारे दलाल हल्ली भेटतात. मी घेत नाही. ते पैसे परत करायच्या दिवशी नवा भाडेकरू मिळाला नाही तर जुन्याला कुठून देणार?

काय कापायचं

इथे भांडणं होतात, म्हणून किल्ली देण्याआधीच हे बोलून घ्या. वापराने जे झिजतं ते घरमालकाचं. आमची पश्चिमेची भिंत दोन उन्हाळ्यांत फिकी पडते, ते उन्हाचं काम आहे. कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक, नळाचा झिजलेला वॉशर, कूलरची दरवर्षी बदलावी लागणारी खस, हे मी कापत नाही. वाहत्या टाकीने गेलेली भिंत, फुटलेलं बेसिन, मोडलेलं कपाटाचं दार, हे कापते, आणि वयाप्रमाणे कापते. रंग माझ्याकडे चार वर्षं टिकतो. दोन वर्षं झालेली भिंत खराब झाली आणि खर्च ३,५०० आला, तर भाडेकरूकडून १,७५०. पूर्ण खर्च त्याच्या माथी मारायचा नाही, कारण दोन वर्षांनी मला ती भिंत रंगवायचीच होती. याच कारणाने संपूर्ण घराचा रंग मी डिपॉझिटमध्ये धरत नाही.

हे सगळं सिद्ध व्हायला पहिल्या दिवसाचे फोटो लागतात. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, खिडकीखालची जागा, बेसिन, मीटरचं रीडिंग. पंखे किती, ट्यूब किती, किल्ल्या किती याची यादी करून दोघांची सही. फोटो व्हॉट्सॲपवर भाडेकरूला पाठवून ठेवा, तारीख आपोआप राहते. जायच्या पंधरा दिवस आधी त्याच्यासोबत घरातून एक चक्कर मारा आणि काय दिसतं ते तेव्हाच सांगा. बऱ्याच गोष्टी तो स्वतःच स्वस्तात करून घेतो. मागच्या भाडेकरूने ४०० रुपयांत कपाटाचं दार बसवून घेतलं, मी सुतार बोलावला असता तर ९०० कापले असते.

"शेवटचे दोन महिने डिपॉझिटमध्ये वळते करा, काकू," असं फार लोक म्हणतात. मी नाही म्हणते, आणि हे करारात लिहिलेलं असतं. शेवटच्या महिन्याचं भाडं त्यातून गेलं की बिल आणि दुरुस्तीसाठी ठेवलेले पैसेही जातात, आणि मग डिपॉझिट घेतल्याचा अर्थ राहत नाही. त्याच्या बदल्यात माझ्याकडून शब्द असा की पैसे त्याच दिवशी मिळतील. हा शब्द पाळला जातो हे कळलं की लोक आढेवेढे घेत नाहीत.

किल्ली घेताना मीटरचं रीडिंग दोघांनी बघायचं, शेवटच्या बिलानंतरचे युनिट काढायचे आणि मागच्या बिलाच्या सरासरी दराने गुणायचं. तेवढे अधिक थोडे अडवायचे, बाकी लगेच पाठवायचे. एप्रिलमध्ये गेलेल्या कुटुंबाला मी जी चिठ्ठी दिली ती अशी होती, तुम्ही तशीच वापरा:

"आपले डिपॉझिट २८,००० रुपये. बेडरूमच्या खिडकीखालची भिंत, दोन वर्षे वापर धरून कपात १,७५० रुपये. विजेच्या बिलासाठी राखून ठेवलेले ३,००० रुपये. आज आपल्या खात्यात पाठवलेले २३,२५० रुपये. बिल आल्यावर त्याची प्रत पाठवून उरलेली रक्कम तीन दिवसांत परत करीन. किल्ल्या तीन मिळाल्या. दोघांच्या सह्या."

बिल १,८६० चं आलं. १,१४० रुपये दुसऱ्या दिवशी पाठवले.